बाळंतिणीची विचारपूस

सिंगापुरातल्या यिशुनच्या त्या फ्लॅटवर संजीवनी आली होती ती कुटुंब-साहाय्य केंद्राच्या कामासाठी; परंतु दार उघडताच ती पाहुणी झाली. सुलेखाताईंनी तिला पंख्याखाली बसवले, माहेर विचारले, सातारा निघाल्यावर दोन ओळखी काढल्या आणि चहाला आधण ठेवले.

त्यांची सून मारिसोल कोलंबियाची. महिन्याचे बाळ मांडीवर घेऊन ती भिंतीकडे पाहत बसली होती. नवरा अमेय जहाजावर इंजिनिअर. दिवाळीपर्यंत तरी परतणार नव्हता. दवाखान्यातल्या नर्सला मारिसोलची नजर खटकली, म्हणून तिने केंद्राला कळवले. केंद्रात स्पॅनिश जाणणारे कोणी नव्हते. मारिसोलला सासूकडून शिकलेली मराठी येत होती. त्यामुळे संजीवनीला पाठवले गेले.

केंद्राचा नियम स्पष्ट होता. बाईशी ती एकटी असतानाच बोलायचे. आपल्याला त्रास होतो, असे तिने स्वतः मान्य केले, तरच तिला डॉक्टरांकडे नेता येत असे. तिच्या होकारावाचून पुढे काही होत नसे.

सत्तरीच्या बाईला तिच्याच घरात ‘जरा बाहेर थांबा’ कसे म्हणावे, हे संजीवनीला सुचले नाही. तिने सासूसमोरच विचारायला सुरुवात केली. झोप लागते का? बाळंतिणीला कसली झोप, असे सुलेखाताईंनीच हसून सांगितले. भूक? डिंकाचे लाडू संपत आले होते. रडू येते का? आमची सून मुळीच रडूबाई नाही, आणि मराठी तर आमच्या पुण्याच्या भाचीपेक्षा चांगली बोलते, बोल गं, असा आग्रह झाला.

“सगळं छान आहे,” मारिसोल म्हणाली.

निघताना सुलेखाताईंनी संजीवनीला हळदकुंकू लावले, बाळाला आपल्याकडे घेतले आणि सुनेला पाहुणीबरोबर लिफ्टपर्यंत पाठवले.

लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकली होती. मारिसोलने मागे वळून दार लोटलेले आहे ना, ते पाहिले. मग एकेक शब्द निवडत ती म्हणाली, “बाळ रडतं, तेव्हा मला काही वाटत नाही. मला कोणी नको. बाळ पण नको.”

संजीवनीचा हात आपोआप उठला आणि मारिसोलच्या ओठांवर गेला.

“असं अभद्र बोलू नये गं. तान्हं बाळ आहे घरात.”

लिफ्टचे दार उघडले. तळव्याखाली ओठ मिटल्याचे जाणवले, तेव्हा संजीवनीने झटकन हात मागे घेतला. माझे चुकले, असे ती म्हणाली. आत्ता बोललीस तेच डॉक्टरांना सांग, मी बरोबर येते, आजच जाऊ, अशी तिने विनवणी केली.

“नाही, चुकलं माझं, आई,” सासूला म्हणायची त्याच सुरात मारिसोल म्हणाली. “परत नाही बोलणार.”

संजीवनीने पुन्हा विचारले.

“सगळं छान आहे.”

लिफ्टचे दार दोनदा मिटू लागले. संजीवनी आत गेली, पण बटण दाबायचे तिला सुचेना. मारिसोलने वाकून हात आत घातला, पाहुणीसाठी तळमजल्याचे बटण दाबले आणि पदर सावरावा तशी खांद्यावरची ओढणी सारखी करून बाजूला उभी राहिली.