नागनाथची चौकशी

कडूबाईंच्या गोठ्यावर चढलेला नागनाथ काही केल्या खाली उतरेना. जिंतूरहून आलेले कुणी तात्याराव सकाळपासून पोखर्णीत त्याची चौकशी करत फिरताहेत, हे कळल्यापासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. आणि त्याने आजवर टाकलेल्या सगळ्या पत्र्यांत गळत होतं ते नेमकं इथलंच छप्पर.

धास्तीला कारण होतं. परभणीचे पत्र्याचे व्यापारी भगवानराव यांनी मागच्या बाजाराला त्याच्या कानावर घातलं होतं की जिंतूरला मुलांच्या बोर्डिंगची नवी इमारत उठते आहे आणि कमिटीला पत्र्याच्या कामासाठी भरवशाचा ठेकेदार हवा आहे. जुन्या इमारतीचे पत्रे पहिल्याच वावटळीत उडाले होते. पोरं थोडक्यात वाचली. तेव्हापासून कमिटीवाल्यांचा कुणावर म्हणून विश्वास उरला नव्हता. "तुझं नाव घातलंय," भगवानराव म्हणाले होते, "पण ते लोक माणूस पारखून घेणार."

दुष्काळाच्या साली परभणीत एका मिस्त्रीच्या हाताखाली नागनाथ हे काम शिकला. गोठे झाकले, स्वयंपाकघरं झाकली. मोठी कामं मात्र शहरातले ठेकेदारच उचलून नेत. तिशी उलटली तरी त्याचं पालुपद एकच, एक मोठं काम हाती लागू दे, मग बाकीचं बघू. ते ऐकून ऐकून त्याची आई सुलाबाई थकली आणि अलीकडे तिने बोलणंच टाकलं होतं.

आता ते मोठं काम पायाने चालत गावात आलं होतं, आणि इथे बोल्टाखालची डांबराची चकती, एक वायसर, सुटून पाणी गळत होतं. नागनाथने तो बदलला, बोल्ट आवळला, मग शेजारचे चांगले बोल्टही उगाच आवळले.

खाली उतरल्यावर त्याने कडूबाईंना हळूच विचारलं, पाहुणे इकडे येऊन गेले का.

"गेले की. दारू पितो का इचारलं. तापट हाय का इचारलं. शब्दाला जागतो का म्हणले."

"आन गळतंय म्हणून सांगितलंस का मावशी?"

"त्येनी इचारलंच न्हाई."

नागनाथने मान वर करून पत्र्याकडे पाहिलं. विचारलं नाही म्हणजे त्यांनी स्वतःच वर बघून ओळखलं असणार. हातपाय न धुताच तो घराकडे निघाला.

तात्याराव घरी येऊन बसलेलेच होते. पांढरी टोपी, स्वच्छ धोतर, बोलणं बेताचं. सुलाबाईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि कपबशाही नव्या काढल्या होत्या. आईला एवढी अक्कल सुचली म्हणून नागनाथला बरं वाटलं. जयभीम झाला. मग तात्यारावांनी एकेक विचारायला सुरुवात केली. जमीन आहे का, घर स्वतःचं का, आईचं माहेर कुठलं, भाऊबंद कोण. नागनाथ पटापट उत्तरं देत गेला. त्याला यात काही वावगं वाटलं नाही. उचल घेऊन पळून जाणारे ठेकेदार या लोकांनी पाहिले असणार, मूळ-कूळ विचारतील नाही तर काय.

पत्र्याबद्दल मात्र ते अवाक्षर काढत नव्हते, आणि त्यानेच तो अधिक घाबरला. शेवटी तात्यारावांनी कप खाली ठेवला. "काम लागलं म्हंजे घरी येणं कधी हुतं?"

हाच तो प्रश्न, नागनाथने मनाशी म्हटलं. जुना ठेकेदार अर्ध्या कामातून गावी पळत असणार. तो तोंड उघडणार तेवढ्यात सुलाबाई मधे पडली. "येतो की. आठ दिसाला येतोच. घराची लय ओढ हाय त्याला."

नागनाथला आईचा राग आला. चांगलं चाललेलं काम ही बाई घालवते की काय. "आई, खोटं कशाला सांगायलीस?" तो म्हणाला आणि तात्यारावांकडे वळला. "काम धरलं की मी घर इसरतो. महिना महिना तिकडंच ऱ्हातो, तिकडंच झोपतो. मागच्या साली आई तापानं फणफणली हुती, सांगावा आला. पण शेवटचा पत्रा बसल्याबिगर मी खाली उतरलो न्हाई."

सुलाबाई उठून आत गेली. तात्यारावांनी मान हलवली, टोपी सारखी केली आणि परभणीच्या एस.टी.ची वेळ झाल्याचं सांगितलं.

नागनाथ त्यांना पोचवायला फाट्यापर्यंत गेला. वाटभर त्याच्या मनात बोर्डिंगचं लांबलचक छप्पर अंथरलं जात होतं, आणि त्याखाली शांत झोपलेली पोरं. एस.टी. लांबून दिसायला लागली तसे तात्याराव थांबले.

"तुमी इमानदार माणूस हाव. एक शब्द खोटा बोलला न्हाईत. पण आपलं जमायचं न्हाई."

कडूबाईंचं छप्पर दुरुस्त केल्याचं नागनाथने सांगितलं. कुठलंही काम जाऊन बघा म्हणाला, मजुरीत कमी-जास्त करू म्हणाला. तात्याराव त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"निदान बोर्डिंगचं माप तरी घेऊ द्या," नागनाथ हात जोडून म्हणाला.

"कसलं बोर्डिंग?" एस.टी.च्या पायरीवर पाय ठेवत तात्याराव म्हणाले. "तुमच्या आईनं सांगावा धाडला हुता, म्हणून थोरल्या लेकीसाठी स्थळ बघायला आलतो मी."