आठ गळे, एकच दम

"अजून एक गळा बाकी आहे," म्हणत सोनाक्कानं पदर खोचला आणि सुनेच्या मोबाइलसमोर गौरीचं गाणं आठव्यांदा म्हटलं. आईकडून आलेलं गाणं संध्याकाळपर्यंत रेडिओवाल्यांना पाठवायचं होतं. साथीच्या सातही जणींना तिनं तालमीतच टोचून बोलून हाकललं होतं. "एक रेडकासारखी ओरडते, दुसरी ओळच विसरते. त्यांच्यावाचून माझं अडतंय होय! आठही गळे मीच लावते!"

सुनेनं आठही आवाज एकावर एक चढवून ऐकवले. सूर कसा लखलखीत! सोनाक्काची मान ताठ झाली. पण प्रत्येक ओळीत एका जागी गाणं तुटत होतं.

"मोबाइल बिघडला काय गं?"

"नाही आत्या. तिथं तुम्ही दम घेता, आठही वेळा तिथंच. सगळ्या असायच्या तेव्हा कुणी ना कुणी गातच असायचं."

सोनाक्कानं छाती भरून पुन्हा म्हटलं. दम नेमका त्याच शब्दाला संपला. चारदा संपला.

मग तिचा आवाज खाली आला. "जिला सगळ्यांत कमी बोलले असेन, तिला फोन लाव."

सून मोबाइल हातात धरून उभी राहिली. तशी एकही तिला आठवेना.