तीन पेट्या

झटका आला आणि ह्यांची वाचा गेली, उजवा हात गेला. तैवानमधल्या ताइचुंगच्या इस्पितळात खाटेशेजारच्या उंच स्टुलावर मी पाय हलवत बसायची आणि हे टक लावून बघायचे. आज पेज ढकलून त्यांनी पेन्सिलीची खूण केली. जन्मभर यंत्रांची ड्रॉइंगं काढलेला माणूस. डाव्या हातानं तीन पेट्या काढल्या. मुलगा येताच मी कागद नाचवला. “तुझे बाबा निघाले. शवपेट्या काढल्यात! पण तीन कुणाकुणाला?” “थू थू! अभद्र बोलू नकोस. ड्रॉइंगवाल्याशी संसार केलास ना, आई? पेटी एकच आहे. समोरून, वरून, बाजूनं दाखवलीय.” “एक का होईना, शवपेटीच ना?” “उंची वीतभर लिहिलीय.” त्यानं खाली बसून माझ्या लोंबत्या पावलांखाली वीत धरली. फरशीपर्यंत बरोबर बसली. “तुझे पाय टेकवायला!” ह्यांनी मान डोलावली आणि पेजेसाठी तोंड उघडलं.