मागं पडलेल्याचा नेम

बंदुकीची नळी समोरच्या सैनिकाला जी चिकटली, ती सुटेचना. राजनंदिनीनं गेमच्या रिमोटची दांडी डावीकडे ओढली, उजवीकडे ओढली. नळी जरा हलायची आणि पुन्हा त्याच्या छातीवर जाऊन बसायची.

"अजून तेच का?" निकितानं पुण्याहून फोनवर विचारलं. दोघी एकाच कंपनीत होत्या. "काढून टाक ना तो नेम धरून देणारा भाग. कॉम्प्युटरवर लोक माऊसनं खेळतात. नेम धरायला कुणाला मदत लागतेय?"

"थांब की जरा. असं का व्हायलंय ते तरी बघू दे."

वीस वर्षांपूर्वीचा हा बंदुकांचा गेम. टीव्हीला जोडायच्या डब्यावर चालायचा. तो कॉम्प्युटरवर आणायचं काम कंपनीनं घेतलं, तेव्हा राजनंदिनीनं ते हट्टानं मागून घेतलं आणि लॅपटॉप उचलून ती थेट चारठाण्याला घरी आली. कारण हा गेम तिला तोंडपाठ होता. बालाजीमामानं तो डबा आणून दिला तेव्हा ती पाचवीत होती, आदिनाथदादा आठवीत. शाळेतून आल्यावर बहीणभावांचा रोज एक डाव व्हायचा. हरेल त्यानं म्हशींचं वैरणपाणी करून डेअरीला दूध घालून यायचं, जिंकेल त्यानं घरात बसायचं. जिंकायची राजनंदिनीच. "पोरीचा नेम लय पक्का," असं त्यांचे वडील पारावर सांगायचे. दादा बादली उचलून निघायचा, ती पुस्तकं काढून बसायची. पुढं ती इंजिनीअर झाली. दादा बारावीनंतर रानातच राहिला.

दुपारभर ती जुना कोड उकलत बसली, आणि गाठ सापडली. रिमोटच्या दांडीनं नेम धरणं अवघड, म्हणून गेम बनवणाऱ्यांनी त्यात एक गुपचूप मदत ठेवली होती. पडद्यावरचं चित्र बदललं की दर वेळी नळीला शत्रूकडे एक हलका ओढा मिळायचा. जुना डबा सेकंदाला तीस चित्रं दाखवायचा. आजचा कॉम्प्युटर एकशेवीस दाखवत होता, म्हणून ओढाही चौपट झाला होता. तिनं ओढ्याचा हिशोब चित्रांवरून काढून सेकंदांवर बांधला. नळी सुटली. गेम अगदी लहानपणीसारखा चालू लागला.

पण त्याच्याच खाली एक अट लिहिलेली होती. दोघं खेळत असतील, तर ही मदत फक्त मागं पडलेल्याला द्यायची.

राजनंदिनी खुर्चीत फुलून बसली. म्हणजे मदत दादाला मिळायची! आणि तरीही ती जिंकायची. वडील उगीच कौतुक करत नव्हते.

मग तिला वाटलं, ही मदत असते तरी केवढी?

तिनं तूर निवडत बसलेल्या आईला हाक मारली आणि दुसरा रिमोट तिच्या हातात दिला. आधी दोन-तीनदा तिला हरवून मागं पाडलं.

"आई, आता नुस्तं हे बटन दाबत राहा."

"मला काय कळतंय त्यातलं?" म्हणत कमलबाईंनी रिमोट उलटा धरला आणि बटण दाबलं. दांडीला त्यांनी बोटही लावलं नव्हतं. नळी आपोआप वळली आणि राजनंदिनीचा सैनिक आडवा झाला. "अगं बया! मेला की ह्यो!" कमलबाई रिमोट टाकून हसत सुटल्या.

राजनंदिनी हसली नाही. जन्मात रिमोट न धरलेल्या आईचा नेम चुकत नव्हता. मग पाचवी-सहावीतल्या पोरीसमोर दादाचा रोज कसा चुकला?

ऊन उतरल्यावर आदिनाथ कापसाची फवारणी करून आला. पंप अंगणात ठेवला, हातपाय धुतले. तिनं त्याच्यासमोर रिमोट धरला.

"दादा, एक डाव."

"आता कुठं जमायलंय मला?" तो म्हणाला, पण लगेच मांडी घालून बसलाही. पडद्यावर गेममधला तो जुना पूल दिसताच त्याचे डोळे लहान मुलासारखे झाले.

पहिले काही गुण तिनं पटापट घेतले. दादा मागं पडला. आता मदत त्याला सुरू झाली असणार. राजनंदिनीनं पडद्यावरची नजर काढली आणि त्याच्या अंगठ्याकडे बघितलं. नळी तिच्या सैनिकावर येऊन ठेपली. त्याच क्षणी दादाच्या अंगठ्यानं दांडी अलगद बाहेर ओढली. गोळी भिंतीत गेली. पुन्हा तेच झालं. पुन्हा तेच.

तिनं रिमोट खाली ठेवला. "दादा, तवाबी असंच करायचास ना?"

बाहेर म्हैस हंबरली. "तुझं चित्त पुस्तकात असायचं," आदिनाथ म्हणाला. "माझं नसायचं. मग कशाला जिंकायचं?"

तिला बोलायचं बरंच होतं, पण तोंडून निघाला तो नुसता प्रश्न. "आज तर पैज न्हाई का काय न्हाई. मग आज का ओढलास?"

आदिनाथनं स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं. तो अंगठा दुसऱ्या कुणाचा असावा, तसा बराच वेळ बघत राहिला.

"आज?" तो म्हणाला. "आज तर मी जिंकायलाच बसलो होतो, नंदे."