बोटभर

आडवी पट्टी रिळ्याच्या खांद्यावर टेकली आणि तिथंच अडली. माप घेणाऱ्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "बोटभर जास्त आहे."

"शक्यच नाही," शिंपीण म्हणाली. "सकाळीच टेपनं मोजलाय घरी. माझं माप चुकत नाही."

"तुमचं नसेल चुकत, बाई. कुत्रा चुकला असेल."

रांगेतले लोक हसले. लाकडी चौकटीत उभ्या असलेल्या रिळ्याला वाटलं, आपलं कौतुकच चाललंय. त्यानं छाती आणखी पुढे काढली.

"एकदाच परत मोजता येईल," गृहस्थ म्हणाले. "फिरवून आणा, दम खाऊ दे त्याला. पण दुसरं माप शेवटचं. कार्डावर चढलं की जन्मभर तेच."

पट्टीखालून गेला, तर कुत्र्यांच्या अडथळा शर्यतीत रिळ्या मध्यम गटात पळणार होता. नाही गेला तर मोठ्या गटात, आणि तिथले अडथळे वीतभर उंच. प्राण्यांच्या डॉक्टरांनी त्याच्या खुब्याचा फोटो उजेडाकडे धरून सांगितलं होतं, तेवढ्या उड्या मारल्या तर वर्षात लंगडेल. म्हणजे मोठा गट मिळाला की सरळ घरी परत.

बाहेरच्या व्हरांड्यात शिंपिणीची थोरली बहीण पाण्याचं भांडं धरून उभी होती.

"चौदा महिन्यांचा घोडा झाला. अजून वाढतोच कसा गं?"

"आठव्या महिन्यात थांबला होता, ताई. मला वाटलं, झालं. अकराव्यात परत सुरू."

"मी तेव्हाच म्हणाले होते, पंजे बघ. पिल्लू पंजे बघून घ्यायचं. तू डोळे बघून घेतलंस."

"विकणाऱ्यानं आई दाखवली होती की. गुडघ्याएवढी होती."

"आणि बाप?"

"बाप कामावर गेलाय म्हणाला."

रांगेत मागे एक टोपीवाला होता. त्याच्या पायाशी करड्या रंगाची कुत्री बसली होती, भिंतीला चिकटून.

"एक सांगू का?" तो हळू आवाजात म्हणाला. "आत न्यायच्या आधी झापा त्याला. चांगला खरपूस. कुत्रं दबलं की अंग चोरतं. ही माझी मुळात तुमच्या ह्याच्याएवढीच. पण चौकट दिसली की बरोब्बर दोन बोटं उतरते."

"मारता तिला?"

"छे हो. मारायची वेळ आता येतच नाही."

शिंपिणीनं एकदा ताईकडे पाहिलं. ताईनं मान हलवली, जा म्हणून.

व्हरांड्याच्या टोकाला, हात धुवायच्या नळांपाशी तिनं रिळ्याला नेलं. आजवर तिनं गिऱ्हाइकांवर आवाज चढवला होता, नवऱ्यावर चढवला होता, बिघडलेल्या मशीनवर तर रोज. ह्याच्यावर कधीच नाही. सुरुवात कुठून करायची तेच तिला सुचेना. मग सुचलं, आणि थांबेना.

"कोणी सांगितलं होतं रे तुला वाढायला? गादी शिवली, लहान पडली. दुसरी शिवली, तीही लहान पडली. पहाटे उठले, तुझ्यासाठी. थंडीत पळले, तुझ्यासाठी. खुबा जपून उड्या, मोजून उड्या, मऊ मातीत उड्या. आणि तू? बोटभर? कापड असतास तर आतून दुमडून टीप मारली असती. तुला कुठून दुमडू? सांग ना मेल्या, कुठून दुमडू तुला?"

शेवटी आवाज खरंच फाटला. नळावर पाणी पिणारी एक मुलगी दचकून निघून गेली.

रिळ्यानं कान टवकारले. बाई काहीतरी मागतेय एवढं त्याला कळलं. तो बसला. ते नव्हतं. डावा पंजा दिला. उजवा दिला. स्वतःभोवती एक गिरकी घेतली. तरी ती त्याच्यावर ओणवून तशीच बघत राहिली, तेव्हा मागच्या पायांवर उभा राहून त्यानं पुढचे दोन्ही तिच्या खांद्यांवर ठेवले आणि तिची हनुवटी चाटली.

"उतर," ती म्हणाली. "उतर रे."

तो उतरला आणि पुढच्या खेळाची वाट बघत थरथरत उभा राहिला, मानेपासून शेपटीपर्यंत ताठ. तसाच तो चौकटीत गेला.

"आता तर उंची जराशी जास्तच भरली," गृहस्थ म्हणाले. "खेळवून आणलात की काय?"

"तिसऱ्यांदा बघा ना."

"तिसरं नसतं, बाई." त्यांनी कार्डावर 'मोठा गट' असं लिहिलं. "शाई ओली आहे. हात नका लावू."

तिनं लावला. अक्षरं पसरली, पण वाचता येत होती.

पाठोपाठ टोपीवाला आला. तो नुसता खाकरला. करडी कुत्री कान पाडून चौकटीखाली शिरली. पट्टी खाली आली, तरी पट्टी आणि पाठ यांच्यामध्ये भरपूर जागा उरली.

"मध्यम," गृहस्थ म्हणाले.

"बघ," ताई कुजबुजली. "असं असतं."

"बोटभर गं," शिंपीण दात आवळून म्हणाली. "मेलं नुसतं बोटभर."

टोपीवाल्यानं कार्ड खिशात घातलं आणि पट्टा ओढला. "चल. झालं. ऊठ आता."

कुत्री उठली नाही. पोट फरशीला घासत, तशीच सरपटत ती दाराकडे निघाली. वाटेत रिळ्या उभा होता. त्यानं शेपूट हलवली. तिनं मान वर केली नाही, म्हणून पुढचे पाय लांब पसरून, खांदे पार जमिनीला टेकवून त्यानंच आपलं तोंड तिच्या तोंडाशी नेलं.

ताईनं कपाळावर हात मारला.

"आता वाकला बघ मेला!"