मला धरून

मुलाखतीला आलेल्या प्रत्येकाला कारखान्याचं भाकीत दाखवायचं, असा आता कायदाच होता. मालक तवनाप्पा मगदूमांनी नाइलाजाने भाकीत करणाऱ्या यंत्राचा पडदा शाहीनकडे वळवला. ‘पंपांचा हा कारखाना दिवाळीपर्यंत बंद पडेल,’ असं यंत्राने ठामपणे लिहिलं होतं. मंदीत दुसरं काय लिहिणार! हे वाचून आधीचे सगळे उमेदवार चहा तसाच टाकून उठले होते.

शाहीनने चहा संपवला. "साहेब, हे गणित मला धरून केलंय का?"

"तुला अजून घेतलंय कुठं?"

"मग घ्या, आणि परत करा."

मगदूमांनी तिचं नाव, तिचं काम भरलं. कधी न अडखळणारं यंत्र बराच वेळ घुटमळलं. शेवटी पडद्यावर अक्षरं उमटली: ‘सांगता येत नाही.’

इतकी चांगली बातमी मगदूमांनी वर्षभरात वाचली नव्हती.

"उद्या आठला ये," ते म्हणाले.