सुनंदाचे पाय

सुनंदा सकाळी आठला मोरीच्या उंबऱ्यावर बसली आणि दहा वाजले तरी तिथेच होती. आठवा महिना. उजव्या पोटरीत असा गोळा आला होता की उठणं सोडाच, पाय हलवायचीही सोय नव्हती. मोठ्यानं रडावं तर खालच्या मजल्यावर ऐकू जाणार. ती पदर तोंडात धरून रडत होती.

पाय तसे अधूनमधून दुखत, पण इतके कधी नाही. वसंतराव कचेरीच्या कामाला चार दिवस त्रिचीला गेले काय आणि पायांनी संपच पुकारला. आज परत आल्या आल्या त्यांनी तिला पाहिलं, पिशवी टाकली आणि शेजारच्या तुकोजींना बोलावून आणलं.

तुकोजी तंजावरचे. गिंडीच्या रेसकोर्सवर घोड्यांना मालिश करत. अख्ख्या तमिळ सैदापेटेत मराठीतून मालिश सांगणारा दुसरा माणूस नव्हता. बाईमाणसाचं प्रकरण म्हणून ते दाराबाहेर पाठ करून बसले.

"एक पाय जास्ती सुजला का अम्मा? लाल, गरम?"

"नाही."

"सेरी, ठीक. तसं असतं तर हात नाही लावायचा, थेट डॉक्टरीण. आता डाव्या कुशीवर निजायचं. पोटाला कुणी शिवायचं नाही. पोटरी घोट्यापासून वर, हलकी हलकी. गाभण घोडीला मी हेच करतो."

डॉक्टरीणबाईंनीही गेल्या महिन्यात हेच सांगितलं होतं, घोडी वगळून.

"मला यांनी हात लावायचा नाही," सुनंदा नवऱ्याकडे बोट करून म्हणाली.

याआधी दोनदा पाचव्या महिन्यातच सगळं संपलं होतं. पुण्याला परत जाताना सासूबाईंनी निदान केलं होतं: झोपेत हिचा पाय नवऱ्याला लागत असणार, त्याचं हे पाप. तेव्हापासून सुनंदा दोघांच्या मध्ये ट्रंक ठेवून झोपत होती. आता तर नवराच पाय धरायला निघाला होता.

"हेही गेलं तर मी काय करू?" ती म्हणाली.

"घोडीला सासू नसते, तेवढं तिचं बरं," तुकोजी पुटपुटले. मग त्यांनी धोतर गुडघ्यापर्यंत ओढलं. "राव, आधी माझ्या पोटरीवर दाखवा. अम्मा बघेल, मग तिचं मन."

वसंतरावांनी नाइलाजानं दारात बसून अंगठे टेकले आणि हळूहळू वर नेले. तुकोजींनी डोळे मिटले. मग एक उघडला.

"हा हात नवा नाही, राव. असा हात बसायला आमच्याकडं माणूस सहा महिने घोड्याखाली बसतो. कुणाचे पाय चेपता?"

सुनंदाचं रडणं थांबलं. दुःखात आता संशयाची भर पडली होती.

वसंतराव तुकोजींच्या पोटरीकडेच बघत राहिले. "हिचेच," ते म्हणाले. "ही झोपली की ट्रंकेला वळसा घालून जातो. तिसऱ्या महिन्यापासून, रोज."

"आणि मागच्या दोन्ही वेळी?" सुनंदानं विचारलं.

"तेव्हा आई होती घरात. एकदाही हात लावला नाही."

सुनंदानं तिसऱ्यापासून आठव्यापर्यंत बोटांवर महिने मोजले. मग तिनं खूण करून त्यांना जवळ बोलावलं, आणि ते बसताच दुखरा पाय त्यांच्या मांडीवर ठेवला.